टोकियोत पहिली डेट, तीही मोडक्या जपानीत

कॉफी येऊन पाच मिनिटं झाली नसतील तोच कोल्हापूरहून फोन आला. मी घाईघाईत म्हटलं, "अहो बाबा, मी नंतर करते!" आणि फोन ठेवला. समोरचा माणूस ओठ दाबून हसत होता. तो ओसाकाचा. जपानीत 'आहो' म्हणजे मूर्ख आणि 'बाबा' म्हणजे म्हातारी. त्याच्या कानांनी ऐकलं ते असं, की ही मुलगी कुठल्याशा म्हातारीला मूर्ख म्हणाली आणि तिने फोन आपटला. मग मी त्याला आपली सगळी नाती ऐकवली. 'आई' म्हणजे त्यांच्याकडे प्रेम, 'मामा' म्हणजे आई, 'नाना' म्हणजे सात, 'आजी' म्हणजे चव. ज्या अर्ध्या तासाची मला धास्ती होती तो असा निघून गेला.

तेव्हा मी टोकियोच्या निशिकासाई भागात राहत होते, ऑफिसचं काम इंग्रजीत चालायचं आणि माझी जपानी जेमतेम एन-फोरची, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषा परीक्षेच्या खालून दुसऱ्या पातळीची. त्यालाही इंग्रजी शाळेपुरतंच येत होतं. त्यानंतर ज्या चुका केल्या आणि मैत्रिणींना करताना पाहिल्या, त्यांवरून हे लिहिते आहे. जपानमध्ये नुकतेच आलेले, कुणाला तरी भेटावंसं वाटणारे पण भाषेमुळे पाय मागे घेणारे, अशांसाठी.

१. आधी भाषेची भीती थोडी कमी करा

आपल्याला एक फायदा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जपानी वाक्याची चाल मराठीसारखीच आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर. "मी काल टोकियोला गेले" हे "वाताशी वा किनो तोक्यो नी इकिमाश्ता" असं जवळपास शब्दाला शब्द ठेवून होतं. 'ला'च्या जागी 'नी' बसतो. आपण वाक्याच्या शेवटी "छान आहे ना?" म्हणतो तसा त्यांचा 'ने' आहे. मराठीत विचार करून जपानी बोलणं इंग्रजीमार्गे जाण्यापेक्षा सोपं पडतं.

हिरागानाची मूळ अक्षरं ४६ आणि काताकानाचीही ४६. क्रम ओळखीचा वाटेल: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे गेला, म्हणून आपल्या वर्णमालेची आठवण येते. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत दोन्ही लिप्या वाचता येतात. मेन्यूवरचं आणि स्टेशनवरचं बरंच काही तेवढ्यात उलगडतं.

पहिल्या भेटीला जेएलपीटीचं प्रमाणपत्र लागत नाही. ही तीन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत:

- सुमिमासेन, मो इचिदो युक्कुरी ओनेगाइशिमास. (माफ करा, पुन्हा एकदा सावकाश सांगा.)
- दो इउ इमी देस का? (म्हणजे काय?)
- काइते मोराएमास का? (लिहून दाखवता का?)

समजलं नसताना मान हलवणं ही माझी सर्वांत मोठी चूक होती. मान हलवली की समोरचा पुढे जातो, आणि दहा मिनिटांनी त्याने काहीतरी विचारलं की आपण उघडे पडतो.

२. ओळख आणि मेसेज

ओळख ऑफिसात, भाषा-विनिमयाच्या गटात किंवा ॲपवर होते. पेअर्स, टॅपल यांसारखी जपानी ॲप्स वयाचा पुरावा मागतात, कारण १८ वर्षांखालच्यांना बंदी आहे आणि वय तपासणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यासाठी तुमचं रेसिडेन्स कार्ड चालतं. कार्डाचा फोटो ॲपच्या पडताळणीतच द्या. "माझा विश्वास बसावा म्हणून कार्ड पाठव" असं समोरच्या माणसाने म्हटलं तर बोलणं तिथेच थांबवा.

भाषांतराच्या ॲपचा उपयोग मेसेजमध्ये खूप होतो, पण ते वापरायचीही रीत आहे. जपानी वाक्यात कर्ता बऱ्याचदा गाळलेला असतो. "काल भेट झाली, मजा आली" एवढंच लिहिलेलं असतं आणि ॲप तिथे स्वतःच्या मनाने 'तो', 'ती' किंवा 'मी' घालतं. एका मैत्रिणीला वाटलं, हा काल दुसऱ्याच मुलीला भेटून आला. प्रत्यक्षात त्याच्या आईची आणि आजीची भेट झाली होती. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

म्हणून लिहिताना वाक्यं लहान ठेवा आणि कर्ता घाला. म्हणी, टोमणे, पुणेरी तिरकसपणा काहीही नको, तो कोणत्याच यंत्रातून सुखरूप पलीकडे जात नाही. जपानीत झालेलं वाक्य पुन्हा मराठीत उलटं करून बघा. अर्थ तोच आला तरच पाठवा.

आणि 'टेन्शन' हा शब्द जपून. आपण "मला टेन्शन आलंय" म्हणतो तेव्हा काळजी असते. जपानीत 'तेनशोन ताकाइ' म्हणजे माणूस उत्साहाने उसळतोय. भेटीच्या आदल्या रात्री मी लिहिलं की मला खूप टेन्शन आहे. त्याचं उत्तर आलं, "मलाही! मजा येणार!"

गुंतवणूक, क्रिप्टो, "काकांचा व्यवसाय" असं काही मेसेजमध्ये आलं तर ते प्रेम नाही. तसंच, कधीही न भेटलेल्या माणसाने काबुकिचो या टोकियोतल्या बार-क्लबांच्या वस्तीतल्या एका ठरावीक बारचाच आग्रह धरला तर जाऊ नका. आत दोन पेयं होतात आणि बिल कधी कधी लाखभर येनांचं येतं. 'बोत्ताकुरी' असं या लुटीचं नाव आहे. जागा तुम्ही सुचवा, किंवा दोघांनी मिळून ठरवा.

३. जागा अशी निवडा की बोलावं कमी लागेल

समोरासमोर बसून दोन तास जेवण ही मोडक्या भाषेसाठी सगळ्यात कठीण परीक्षा आहे. सिनेमा दुसऱ्या टोकाला, तिथे बोलणंच होत नाही. मधलं काहीतरी हवं, जिथे बोट दाखवायला वस्तू आहेत आणि गप्प राहिलं तरी चालतं.

मत्स्यालयासारखी जागा नाही. निशिकासाईहून फार लांब नसलेल्या कासाई रिंकाई पार्कात एक आहे, मोठ्यांना तिकीट ७०० येन, बुधवारी बंद. तिथे ट्यूना माशांची मोठी टाकी आहे. काचेसमोर उभं राहून "ओकी ने" (मोठा आहे ना), "हायाइ ने" (वेगवान आहे ना) एवढ्यावर वीस मिनिटं निघतात. टाकीसमोर बरेच जपानी लोक "ओइशिसो" म्हणतात, म्हणजे चविष्ट दिसतोय. शाकाहारी असाल तर धक्का बसेल, पण विषय मिळतो. बाहेर ११७ मीटर उंचीचा पाळणा आहे. त्यात पहिल्याच भेटीत बसू नका. एका डब्यात दोघं, बाहेर पडायला वाट नाही आणि शब्द संपलेले, हे मी भोगलंय.

निशिकासाई स्टेशनवर भेटू नका. एवढे भारतीय राहतात की संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या सगळ्या काकूंना कळलेलं असतं.

भेटीची जागा 'शिबुया, हाचिकोपाशी' एवढी सांगून भागत नाही. त्या कुत्र्याच्या पुतळ्याभोवती शनिवारी दुपारी सगळं टोकियो कुणाची तरी वाट बघत असतं. स्टेशन, तिकीट गेटचं नाव, बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांक आणि खूण म्हणून एखादं दुकान, हे सगळं लिहून घ्या. पाच-दहा मिनिटं आधी पोहोचा. पाच मिनिटंही उशीर होणार असेल तर मेसेज टाका.

शाकाहारी लोकांनी नीट वाचावं. 'बेजितारियन' म्हटलं की बहुतेक ठिकाणी फक्त मांसाचे तुकडे काढतात. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस, शिजवलेल्या भाज्या यांत सहसा 'दाशी', म्हणजे उकळून काढलेला अर्क, असते, आणि ती बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाची. "निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देस," म्हणजे मांस नाही, मासेही खाता येत नाहीत आणि दाशीही चालत नाही, असं पूर्ण सांगा. हे आयत्या वेळी नको, भेटीच्या दोन-तीन दिवस आधी सांगा. जपानी माणूस हॉटेल निवडायला वेळ घेतो, आणि त्याने निवडलेल्या जागी तुम्ही काहीच खाल्लं नाहीत तर ती चूक तो स्वतःकडे घेतो. सोपा मार्ग म्हणजे पहिल्यांदा नुसता चहा-कॉफी.

४. सोबत काय घ्यायचं

- रेसिडेन्स कार्ड. हे कायम जवळ ठेवणं सक्तीचं आहे, नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पर्यटक असाल तर पासपोर्ट. बारमध्ये वयाचा पुरावा म्हणूनही लागतो, दारूसाठी वय २० पूर्ण हवं.
- सुइका किंवा पास्मो हे गाडीचं प्रीपेड कार्ड, पैसे भरलेलं.
- रोख, निदान दहा हजार येन. काही लहान हॉटेलं अजूनही कार्ड घेत नाहीत.
- फोन, पूर्ण चार्ज केलेला, आणि पॉवर बँक. फोन बंद पडला की तुमचा दुभाषा गेला.
- भाषांतर ॲपमध्ये जपानी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवलेली. तळघरातल्या इझाकायात (दारू आणि खाण्याच्या जपानी अड्ड्यात) नेट मिळेलच असं नाही.
- लहान वही आणि पेन. हे थट्टेवारी नेऊ नका. फोन मध्ये आला की दोघंही पडद्याकडे बघतात, वहीवर चित्र काढलं की दोघंही एकमेकांकडे वाकतात.
- तुमचं नाव काताकानात लिहून. विक्रांतचा 'बिकुरानतो' होतो, तो कसा होणार हे आधीच ठरवून सांगा.

५. बोलताना: नाव, 'तू' आणि हुंकार

पाठ्यपुस्तकात 'तुम्ही' म्हणजे 'आनाता' असं शिकवतात. डेटवर ते वापरू नका. जपानी बायका नवऱ्याला 'आनाता' अशी हाक मारतात. म्हणजे पहिल्याच भेटीत "अहो, ऐकलंत का" म्हटल्यासारखं होतं. मी ते तीनदा केलं. तिसऱ्या वेळी त्याचे कान लाल झाले. जपानीत समोरच्याला सर्वनामाने नाही, नावाने बोलवायचं: आडनाव आणि 'सान'. "तानाका-सानना कॉफी आवडते का?" असं, तानाका समोर बसलेला असतानाही. स्वतःच्या नावाला मात्र 'सान' लावू नका. आपण "मी देशपांडेसाहेब बोलतोय" म्हणत नाही, तसंच ते.

'सान'कडून पहिल्या नावाकडे आणि 'देस-मास'च्या आदबशीर भाषेकडून मोकळ्या 'तामेगुची'कडे जाणं म्हणजे आपलं 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं. ती पायरी कधी चढायची हे दोघांपैकी जो वयाने मोठा किंवा जास्त मोकळा आहे त्याला ठरवू द्या. सहसा कुणीतरी "तामेगो दे इइ यो" म्हणतं. तोवर देस-मास सोडू नका. ॲनिमे बघून जपानी शिकलेल्यांनी तर अजिबात नाही, तिथली पात्रं बोलतात तसं खऱ्या माणसाशी बोललं तर उद्धट वाटतं.

दुसरी गोष्ट हुंकाराची. तुम्ही बोलत असताना समोरचा सारखा "हाइ", "उन", "सो देस ने" म्हणत राहील. त्याला 'आइझुची' म्हणतात. 'हाइ'चा शब्दकोशातला अर्थ 'हो' असला तरी इथे तो आपल्या 'हं… हं'सारखा असतो, ऐकतोय एवढंच. गोष्ट सांगताना कुणी हं म्हणायला लागतं ना, तसंच. तुम्हीही म्हणा. आपण गप्प राहून एकाग्रतेने ऐकलं की त्यांना वाटतं, हिला कंटाळा आला.

उच्चारात एकच मोठा धोका. 'कावाइइ' म्हणजे गोड आणि 'कोवाइ' म्हणजे भीतिदायक. त्याच्या भाचीचा फोटो बघून चुकीचा शब्द तोंडातून गेला तर सावरणं कठीण.

चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका आणि एका चॉपस्टिकने दुसऱ्याच्या चॉपस्टिकला घास देऊ नका, दोन्ही अंत्यविधीची लक्षणं आहेत. बाकी चुका लोक हसून सोडून देतात.

६. हो आणि नाही

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. शब्द समजतो, उत्तर समजत नाही.

'चोत्तो…' म्हणजे 'थोडंसं'. पण "शनिवारी येता का?" याला "दोयोबी वा चोत्तो…" असं अर्धवट उत्तर आलं तर वाक्य संपलेलं असतं. अर्थ: नाही. 'माता कोंदो', म्हणजे 'पुन्हा कधीतरी', हेही बहुतेकदा नाहीच. 'इकेतारा इकु', जमलं तर येईन, हे तर जपानी लोकांतही विनोदाचा विषय आहे. येणार नाही, असाच त्याचा अर्थ लावतात. आपल्याकडे "बघू, कळवतो" म्हणणाऱ्या काकांना आपण ओळखतो. इथे सगळं गाव त्या काकांचं आहे असं समजा.

मग खरा नकार आणि खरी अडचण यांत फरक कसा करायचा? माझी एक साधी कसोटी आहे. ज्याला यायचं असतं तो दुसरा दिवस सुचवतो. "शनिवार चोत्तो… देमो निचियोबी नारा," शनिवारी नाही पण रविवार असेल तर, असं आलं की अडचण खरी. दुसरा दिवस आला नाही, दोनदा विचारून झालं, की तिसऱ्यांदा विचारू नका. विचारताना समोरच्याला सुटायला जागा ठेवा: "मुरी शिनाइदे कुदासाइ," स्वतःवर जबरदस्ती करू नका. ती जागा दिली की लोक उलट मोकळेपणाने खरं सांगतात.

'दाइजोबु' हा शब्द तर दुधारी. "आणखी कॉफी?" याला "दाइजोबु देस" म्हणजे 'नको'. "दुखलं का?" याला "दाइजोबु देस" म्हणजे 'ठीक आहे'. कॉफीचं चुकलं तर एक कप जास्त येतो. जवळ येण्याच्या बाबतीत मात्र अशा शब्दावर काहीही गृहीत धरू नका. हात धरण्यापासून पुढे प्रत्येक वेळी स्पष्ट विचारा, आणि शांतता, हसू किंवा 'दाइजोबु' यांना होकार मानू नका. जुलै २०२३ पासून जपानच्या कायद्यात संमतीविना केलेल्या शरीरसंबंधाचा गुन्हा त्याच नावाने आहे. "मला भाषा कळली नाही" हा बचाव तुम्हाला स्वतःलाही पटू नये.

स्वतःचा नकार मात्र जपानी वळणाने देऊ नका. आपला 'चोत्तो' त्यांच्यासारखा ऐकू येत नाही, त्यात परदेशी माणसाचा संकोच ऐकू येतो. "काएरिमास," मी घरी जाते. "यामेते कुदासाइ," थांबा, हे करू नका. दोन्ही हसत म्हणू नका. कुणी मागे लागलं तर स्टेशनजवळ बहुधा पोलिसांची चौकी, 'कोबान' असते, तिथे शिरा. तातडीसाठी ११०, सल्ल्यासाठी #९११०.

७. बिल आणि शेवटची गाडी

टिप नाही. ठेवलीत तर वेटर ती परत द्यायला रस्त्यापर्यंत धावत येईल. इझाकायात न मागता एक छोटी वाटी येते, तिला 'ओतोशी' म्हणतात, तिचे माणशी काहीशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नाही, त्यावरून भांडू नका. उलट 'साबिस' म्हणून काही आलं तर ते फुकट असतं.

बिल वाटून घेणं म्हणजे 'वारिकान'. कोण देणार यावर आपल्यासारखी झटापट होत नाही. मी दर वेळी "हानबुन" म्हणते, म्हणजे अर्धं-अर्धं. एकाने जेवणाचे दिले तर दुसऱ्याने नंतरच्या कॉफीचे द्यावेत, हेही छान चालतं.

टोकियोतल्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास संपतात आणि पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. तुमच्या स्टेशनची शेवटची गाडी, 'शूदेन', आधी बघून ठेवा आणि भेट सुरू होतानाच सांगून टाका. मोडक्या भाषेत रात्री साडेअकराला निघायचं कारण समजावत बसावं लागत नाही.

निरोप तिकीट गेटपाशी होतो. आत गेल्यावर एकदा वळून बघा. समोरचा बहुतेक अजून उभा असतो.

८. घरी पोहोचल्यावर

त्याच रात्री 'लाइन' या मेसेजिंग ॲपवर मेसेज: "क्यो वा आरिगातो गोझाइमाश्ता. तानोशिकात्ता देस." आभार, मजा आली. दोन दिवस थांबून भाव खाण्याची पद्धत इथे उलटते, न लिहिणं म्हणजे रस नाही असं धरलं जातं. भाषा संपली की स्टिकर आहेतच, इथली मोठी माणसंही ते बिनदिक्कत वापरतात.

एक शेवटची गोष्ट माहीत असू द्या. चार वेळा भेटलं म्हणजे आपोआप 'जमलं' असं इथे होत नाही. साधारण तिसऱ्या-चौथ्या भेटीत कुणीतरी रीतसर विचारतं. त्याला 'कोकुहाकु' म्हणतात, आणि वाक्य ठरलेलं: "सुकी देस. त्सुकिआत्ते कुदासाइ." म्हणजे, तू मला आवडतेस, माझ्याशी नातं जोडशील का. तोवर नातं सुरू झालेलं नसतं.

अडचण अशी की 'त्सुकिआउ'चा दुसरा अर्थ 'सोबत येणं' असाही आहे, दुकानात सोबत येतेस का, तसा. उएनोच्या तळ्याकाठी त्याने मला हे वाक्य म्हटलं तेव्हा 'सुकी देस' माझ्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं आणि मी विचारलं, "दोको ए?" म्हणजे, कुठे? तो मटकन बाकावर बसला. मग वही काढली आणि त्यात दोन माणसं आणि मध्ये एक छत्री काढली. जपानी शाळांत फळ्यावर जोडप्यांची नावं छत्रीखाली लिहितात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं पाऊस येणार आहे.

त्याने तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. अशा वेळी उत्तर होकारार्थी द्यायचं असेल तर "योरोशिकु ओनेगाइशिमास" म्हणा. एरवी या शब्दांचे पन्नास अर्थ होतात, पण त्या वाक्यानंतर एकच होतो.